डब्यातलं अर्धं माझं

३ तारीख, मंगळवार
दवाखाना, मुलांचा वॉर्ड

दादा,

शनिवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. बारकीच्या पाठीतून नळी काढलीय आणि नळीच्या टोकाला पिशवी आहे, तिच्यात थेंब थेंब पडतं. नर्स म्हणाली, थेंब पडायचा थांबला तर लगेच हाक मार. झालं, तेव्हापासून मी पिशवीसमोर बसलेय. डोळे मिटले की वाटतं थांबला. उघडून बघते तर पडत असतो. नर्स म्हणते, "अगं बाई, तू पड जरा, मी काय इथे माश्या मारायला आहे का?" मी हो म्हणते आणि बसूनच राहते.

न झोपण्याचं हे एक कारण. दुसरंही आहे. ते आज लिहवत नाही.

तुझा फोन बंद लागतो. एकदा नाही, रोज. म्हणून पत्र. आमच्या कचरा निवडायच्या शेडमधून गठ्ठे घेऊन जाणारे गाडीवाले काका तुझ्या खोलीवरून जातात, त्यांच्या हाती देतेय. ते म्हणाले, पाकीट पोचवतो, पण उत्तर आणायचं माझ्याकडे नाही हं, मी गठ्ठे नेणारा माणूस आहे.

तर काय झालं ते ऐक. शनिवारी मी कामावरून आले तर बारकी भिंतीला पाय लावून गोळा होऊन पडली होती. सासूबाई म्हणाल्या, पोट बिघडलंय, ओवा दिलाय. मी हात लावला तर अंग भाजत होतं. पोट नव्हतं ते दादा, बाजू होती. उजवी. मला कळलं. तुझं बघितलंय ना मी लहानपणी. तू असाच भिंतीला पाय लावायचास.

खडा किडनीच्या तोंडाशी अडकलाय आणि मागे सगळं तुंबलंय, त्यात पू झाला. आधी नळी घालून तुंबलेलं काढलं, उद्या खडा काढतील. पाच वर्षांचं पोर. तिला आत नेताना म्हणाली, "आई, मामाला सांगितलंस का?" मी म्हटलं सांगितलं.

मी तुला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तूही विसरला नसशील. रोज रात्री तू ड्यूटीवरून फोन करायचास, उठ गं म्हशी, पोरीला पाणी पाज. मी झोपेत शिव्या घालायचे. मग फोन तिच्या कानाला लावायचे आणि तू विचारायचास, टाकी फुल? ती अर्धी झोपेत म्हणायची, फुल. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्वेटर घालून, रात्र रात्र गेटवर बसून तू माझ्या पोरीचं पाणी सांभाळत होतास, आणि मी तुला म्हटलं की हे तुझंच रक्त आलंय तिच्यात, तू तिच्यापासून लांब राहा, परत फोन करू नकोस. नळापाशी जाऊन म्हटलं, घरातल्या कुणी ऐकू नये म्हणून. म्हणजे बघ, भांडतानाही मला लपवायचं भान होतं.

तू ओरडला नाहीस. बरं म्हणालास आणि ठेवलास.

आज एवढंच. नळी चालू आहे.

तुझी बहीण

---

५ तारीख, गुरुवार

दादा,

खडा निघाला. बारकी शुद्धीवर आहे, पाणी पितेय, चिडचिड करतेय. चिडचिड करतेय म्हणजे बरी आहे असं नर्स म्हणते.

मावशी काल येऊन गेली. मावशी म्हणजे शेडमधली, माझ्या जोडीला पट्ट्यावर उभी राहते ती. गाडीवाल्या काकांचा निरोप तिनेच आणला. तू खोली सोडलीस. कुठल्या तरी लांबच्या कामावर गेलास, नंबर बदललास. तुझ्याबरोबर राहणाऱ्या भाऊंनी पाकीट घेतलं पण तुझा नंबर दिला नाही. म्हणाले, "बहिणीला द्यायचा नाही असं सांगून गेलाय, मी शब्द दिलाय. पत्रं ठेवतो. त्याचा फोन आला की विचारीन वाचून दाखवू का." काकांनी परत मागितला तर म्हणाले, तुम्ही मध्ये पडू नका. काका म्हणाले, मी कुठे पडतोय, मला तर पार्किंगला जागा नाही.

तेव्हा भाऊ, हे तुम्ही वाचत असाल तर वाचा. मला लाज वाटते पण वाचा. आणि तो हो म्हणाला तर त्याला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

खडा डॉक्टरबाईंनी मला दाखवला. पिवळट आहे, मेणासारखा, वाळलेल्या साबणाचा तुकडा असतो तसा. एवढाच, पण तिच्यासाठी केवढा. बाईंनी तो बाटलीत धरला आणि म्हणाल्या, "मला एक कळत नाही. तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट इतका छान होता. त्याच्यावरच तर आपण औषधाच्या पुड्या कमी केल्या. मग हा एवढा वाढला कधी?" आणि माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही, खरंच विचारत होत्या. मी बारकीची चादर नीट करायला लागले. ती नीटच होती.

मग त्यांनी मला समजावलं. त्यांना वाटलं मला रोग कळला नाहीये म्हणून मी गप्प आहे. हातमोज्यांच्या खोक्याच्या मागे चित्र काढलं. तुला कुणी असं कधी समजावलं का रे? मला तर पहिल्यांदा कळलं.

किडनी काय करते, रक्तातलं सगळं बारीकसारीक आधी नळीत टाकून देते. चांगलं वाईट बघत नाही. साखर, मीठ, आपण खाल्लेल्या डाळी-अंड्यांचे बारीक बारीक तुकडे, सगळं. मग नळीच्या भिंतीला ज्या पेशी असतात त्या, समोरून माल वाहत असताना, कामाचं उचलून परत घेतात. मी म्हटलं, "बाई, हा तर आमचा पट्टा झाला." त्या म्हणाल्या, कसला पट्टा? मी सांगितलं. गाडी सगळा सुका कचरा पट्ट्यावर ओतते आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या. जिचं जे ठरलंय तेच ती उचलणार. कुणी पुठ्ठा, कुणी पत्रा, मी आणि मावशी बाटल्या. जे कुणीच उचललं नाही ते शेवटच्या तोंडाशी जाऊन पडतं.

त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "तसंच आहे. पेशीच्या कातडीला दारं असतात, एकेका दाराचा माल ठरलेला. हे जे दार आहे ना, ते दोघांचं मिळून बनतं. एक भारी असतो, तो दुसऱ्याला धरून भिंतीपर्यंत आणतो आणि जागेवर बसवतो. दुसरा प्रत्यक्ष देवघेव करतो, बाहेरचा एक आत घेतो आणि आतला एक बाहेर देतो. दोघांतला एक जरी बिघडला तरी दार नाही."

मावशी आणि मी. मावशी दणकट आहे, ती आकडा लावून पिशवी फाडते, धरून ठेवते, मी हात घालून बाटल्या काढते आणि रिकामी पिशवी मागे टाकते. मावशी नसली त्या दिवशी मुकादम मला एकटीला उभं करतो पण माझा हात पिशवीपर्यंत पोचायच्या आत ती पुढे गेलेली असते. मी नसले तर मावशी नुसती पिशव्या धरून उभी. तिथून बाटल्या निसटल्या की शेवटी दाबायच्या मशीनच्या तोंडात अडकतात आणि मशीन बंद.

बाई म्हणाल्या, त्या दाराने चार प्रकारचे तुकडे आत जातात, चौघी बहिणी समज. दार नसलं की चौघी लघवीतून वाहून जातात. तिघी पाण्यात विरघळतात, काही त्रास नाही. चौथी विरघळत नाही. ती थांबते, दुसरी तिच्यासारखीच येऊन चिकटते, मग तिसरी. तोच खडा. म्हणून पाणी, पाणी, पाणी, दिवसा आणि रात्री. म्हणून ती पुडी, लघवीचं आंबटपण मोडायला, म्हणजे ती चौथी जरा तरी विरघळेल.

तू सांगायचास तेच सगळं, फक्त तुला चित्र काढता येत नव्हतं.

आता दुसरं कारण सांगते. मला ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही आणि सांगितल्यावर तरी येईल का माहीत नाही.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी डबा दिला होता. पांढरा, झाकणाचा, बाजूला रेघा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी, एक थेंब न सांडता, त्या डब्यात. मग ते मोजतात की ती चौथी किती वाहून जातेय. त्याच्यासाठी मी सुट्टी घेतली होती. मुकादम म्हणाला होता, "परत सुट्टी मागितलीस तर पट्ट्यावर दुसरी उभी करीन, बाहेर रांग लागलीय." दिवसभर मी बारकीच्या मागे मागे डबा घेऊन. तीही खूश, तिला तो खेळ वाटला. सकाळी शेवटची झाली. मी झाकण आणायला वळले तर ही म्हणाली मी धरते. दोन्ही हातांनी उचलला आणि पायावर ओतून घेतला. अर्धा गेला. मोरीत.

मी तिला मारलं दादा. गालावर. ती रडली नाही, बघत राहिली.

मग मी डबा घेतला आणि माझ्या लघवीने होता त्या रेघेपर्यंत भरला.

मला त्यात खोटं काही वाटलं नाही. खरं सांगते. मला वाटलं, माझ्याच पोटातली पोर, माझंच दूध प्यालेली, आई-लेकीचं काय वेगळं असणार. आणि तिला सांगितलं, कुणाला बोलायचं नाही हं. ती म्हणाली, "मी सांडलं ते का?" मी म्हटलं, कुठलंच नाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरबाई खूश. "बघा, पाण्याने किती फरक पडलाय." तीन पुड्यांची एक केली. रांगेतल्या दुसऱ्या आयांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ह्यांच्याकडून शिका. मी मान खाली घालून हसले. घरी सासूबाई म्हणाल्या, तो मामाच उगाच घाबरवतो, पोरीला रात्री झोपू द्या. मीही झोपू दिलं. मलाही झोप हवी होती ना.

आणि त्याच रात्री तुझा फोन आला. मी रिपोर्ट सांगितला. तू म्हणालास, "एवढं कमी येऊच शकत नाही. कुठेतरी चूक झालीय. परत डबा लाव. पुड्या कमी करू नकोस." तुला माहीत नव्हतं पण तू बरोबर बोट ठेवलंस. माझी चोरी पकडल्यासारखं झालं. म्हणून मी ते बोलले, रक्ताचं. तुझं तोंड बंद करायला दुसरं काही सापडलं नाही मला.

तेव्हा तो खडा तू नाही दिलास. मी दिला.

बारकी विचारते मामा रागावलाय का. मी म्हटलं ड्यूटी आहे. ती म्हणाली, रोज?

---

८ तारीख, रविवार

दादा, आणि भाऊ तुम्हीही,

सांगून टाकलं. म्हणजे मी नाही सांगितलं, सांगितलं गेलं.

काल नर्स नवीन डबा घेऊन आली. डॉक्टरबाईंना तो जुना रिपोर्ट पटत नव्हता म्हणून परत मोजायचं ठरलं. नर्स बारकीला समजावत होती, "हे बघ बाळा, आता सगळी शू याच्यात करायची हं." बारकीने डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आई, या वेळी पण अर्धी तू करणार?"

नर्सला हसू आलं. "आई कशाला करेल गं वेडे?"

"मागे केली ना. मी सांडली म्हणून."

नर्सचं हसू तोंडावरच राहिलं. बारकीने लगेच तोंडावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "चुकून बोलले." म्हणजे तीन महिने ते पोर हे पोटात ठेवून होतं. मी मारलेलं आणि मी सांगितलेलं, दोन्ही. मला वाटत होतं ती विसरली.

मी स्वतःच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. नर्सने सांगायच्या आत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील, पोलीस बोलावतील, काय काय वाटलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि तो जुना रिपोर्ट काढून समोर धरला. ते फार वाईट होतं. मुकादम ओरडतो ते बरं असतं, ओरडून संपतं.

मग म्हणाल्या, "मी पुड्या कमी केल्या त्या ह्याच आकड्यावर. मी परत तपासायला हवं होतं. तुम्ही मला सांगायला हवं होतं की सांडलं. मी दुसरा डबा दिला असता, बस."

मी म्हटलं, "सुट्टी मिळाली नसती."

"मी चिठ्ठी दिली असती."

मला हे माहीतच नव्हतं की त्या असली चिठ्ठी देतात.

मग त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "अजून काही आहे का जे मला माहीत नाही? आता सांगा. घरात कुणाला असे खडे होते का?"

दादा, हे त्यांनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा सासूबाई शेजारी होत्या आणि मी कुणालाच नाही म्हटलं होतं. लग्न ठरवताना आपल्या लोकांनी काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहे, की तू खड्ड्यात पडलास, मार लागला, म्हणून एक किडनी काढावी लागली. नाहीतर म्हणे पोरीला कोण करून घेणार. तू त्या बैठकीत कोपऱ्यात बसून मान हलवत होतास. हो, खड्ड्यात पडलो. माझ्यासाठी. आणि मी दोन वर्षं तुझंच ज्ञान डॉक्टरांना माझं म्हणून सांगत होते. लघवीला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे तू विचारायला सांगितलंस म्हणून तर रोग सापडला. त्या म्हणाल्या होत्या, हुशार आहात. मी तेही ठेवून घेतलं.

काल सांगितलं. माझ्या सख्ख्या भावाला होते. त्याची डावी किडनी ह्याच खड्यांनी गेली. त्याला एक कॅप्सूल दिली होती, ती घेऊन त्याचं तोंड सुजलं, पाय सुजले, लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. मग ती बंद करून दुसरी दिली, ती चालली.

डॉक्टरबाई सरसावून बसल्या. "कुठली कॅप्सूल?"

मला माहीत नाही. मी तेव्हा लहान होते. मला फक्त तुझे सुजलेले पाय आठवतात, चपलेत जात नव्हते आणि तू बाबांच्या चपला घालून फिरायचास.

इतक्यात सासूबाई डबा घेऊन आल्या, जेवणाचा. दारातच उभ्या राहून त्यांनी ऐकलं होतं. मी म्हटलं आता संपलं. त्या आत आल्या, स्टूलवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तो खड्ड्यात पडला नव्हता?"

"नाही."

"इतकी वर्षं मी त्या खड्ड्याला शिव्या देतेय. रस्ता करणाऱ्यांचा सत्यानाश चिंतला मी."

डॉक्टरबाईंनी खोकल्यासारखं केलं. मग सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "तर हे हिच्या घरचं आलंय."

बाई म्हणाल्या, "नाही आजी. एका घरचं आलं असतं तर बारकीला असे खडे झाले नसते. तिचा हा आजार बिघाड दोन्हीकडून आला तरच होतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. हिच्याकडे एक बिघडलेलं आहे आणि एक चांगलं, म्हणून हिला काही नाही. तुमच्या मुलाकडेही तसंच. अर्धं तुमच्या घरचं आहे."

सासूबाई डब्याचं झाकण लावत बसल्या. उघडलंच नव्हतं, तरी लावत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या चुलत्याला होते खडे. मूठभर. बाटलीत घालून ठेवले होते, पाहुण्यांना दाखवायचा." मला इतकं हसू आलं आणि तिथेच रडूही आलं. ऐक दादा, तुझं रक्त नव्हतं. म्हणजे होतं, पण तेवढंच जेवढं त्या बाटलीवाल्या चुलत्याचं. मी तुला बोलले ते नुसतं दुष्ट नव्हतं, खोटंही होतं.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लाव त्याला फोन. मी बोलते."

मी म्हटलं, लागत नाही.

"का?"

तेही सांगितलं. त्या वॉर्डात गेल्या. बारकीला भरवायला लागल्या, आणि आज सकाळपासून तिला पाणी पाजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. पोरगी वैतागलीय. म्हणते, आई बरी होती, झोपायची तरी.

---

११ तारीख, बुधवार

जे कोणी हे पाकीट उघडतील त्यांना,

गाडीवाले काका सांगत होते की भाऊंचंही सामान बांधून झालंय, ते या एक-दोन दिवसांत खोली सोडणार. म्हणून मी आता दादाला नाही लिहीत. ही खोली ज्यांच्या ताब्यात असेल, तुम्ही भाऊ असा, नवीन भाडेकरू असा, खोलीचे मालक असा, मी तुम्हालाच लिहितेय. आधीची पाकिटं तिथेच असतील. वाचलीत तरी चालेल. मी कशी बाई आहे ते तुम्हाला कळेल आणि तरीही मला तुमच्याकडे मागायचंय.

गोष्ट अशी आहे. नवीन डब्याचा निकाल आला. या वेळी सगळा बारकीचाच होता, मी डब्याला हात लावला नाही, नर्सनेच ठेवला आणि नर्सनेच नेला. आकडा जुन्या रिपोर्टच्या तिपटीच्या वर आहे. पुड्या पूर्ववत केल्या, पाणी चालू आहे, पण डॉक्टरबाई म्हणतात तेवढ्याने भागायचं नाही. लघवीत परत बारीक स्फटिक दिसायला लागलेत. खडा काढलेली किडनी अजून सुजलेली आहे, त्यात परत अडकलं तर ती वाचवता येईल असं त्या सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणून कॅप्सूल सुरू करायची आहे. ती त्या न विरघळणाऱ्या तुकड्याला धरून मोकळं करते, मग तो चिकटत नाही. अशा कॅप्सूल दोन आहेत. माझ्या भावाला त्यांतली एक बाधली आणि एक चालली. एकाच घरातली माणसं, म्हणून तेच होईल असं नाही, पण डॉक्टरबाई म्हणतात, कळलं तर मी त्याच बाजूने सुरुवात करीन आणि पहिल्या दिवसापासून कशावर डोळा ठेवायचा ते मला ठाऊक असेल. माझा भाऊ जिथे दाखल होता तो दवाखाना बंद झालाय, कागद कुठेच नाहीत. त्या शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यापुढे थांबणं पोरीला महाग पडेल. मग जी हाताशी आहे ती सुरू करणार, देव करो आणि ती बरोबर असो.

नाव दादालाच माहीत आहे. तो विसरला नसणार. ज्या गोळीने माणसाचे पाय चपलेत जात नाहीत तिचं नाव कुणी विसरत नाही.

आम्ही इकडून करायचं ते केलं. हे, बारकीचे वडील, काल पहिल्या बसने कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसला जाऊन आले. तिथे म्हणाले, हिशेब घेऊन गेला, पत्ता ठेवला नाही. सासूबाईंनी नात्यातल्या सगळ्यांना फोन लावले, कुणाकडे नवा नंबर नाही. तो फक्त या खोलीत आहे. भिंतीवर लिहिलेला असेल, कुणाच्या मोबाईलमध्ये असेल, भाऊंकडे तर नक्कीच आहे. भाऊ, तुम्ही त्याला शब्द दिलाय. तो मोडा असं मी कशी म्हणू, मीच तोंडाने काय काय मोडून बसलेय. नंबर मला देऊच नका. मी मागत नाही. काकांनाही देऊ नका. तुम्हीच फोन लावा.

तो अनोळखी नंबर पहिल्यांदा उचलत नाही, त्याची सवय आहे. दुसऱ्यांदा लावा. दुपारी लावा, रात्रपाळी करून तो सकाळी झोपलेला असतो, आणि झोपमोड झाली की कुणाचं ऐकून घेत नाही. उचलला की आधी माझं नाव काढू नका. आधी म्हणा, बारकी दवाखान्यात आहे. मग लगेच म्हणा की ती बोलतेय, खातेय, नाहीतर तो तिथेच खाली बसेल, त्याचं ऐकून घ्यायचं राहून जाईल. मग विचारा, फेस आणणारी कॅप्सूल कुठली आणि चाललेली कुठली. दोन्ही नावं नीट लिहून घ्या, त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. डॉक्टरबाईंचा नंबर मी पाकिटाच्या मागे लिहिलाय, तो त्याला दिलात तर सगळ्यांत उत्तम, तो थेट त्यांच्याशी बोलेल. माझ्याशी बोलायची गरज नाही असं सांगा. हे नक्की सांगा, नाहीतर तो फोन करायचा नाही.

त्याने विचारलं की डबा परत लावला का, तर सांगा की लावला, तू म्हणत होतास तेच निघालं.

त्याने माझं विचारलं तर काय सांगायचं हे मला सुचत नाही. तुम्हाला जे वाटेल ते सांगा. नाही विचारलं तर काही सांगू नका.

काका उद्या दुपारी गठ्ठे उतरवून तुमच्या दारावरून परत येतील आणि थांबतील. त्यांना पार्किंग मिळो न मिळो, ते थांबतील, मी त्यांच्याकडून वचन घेतलंय. तुमच्याकडून मी वचन कशाच्या जोरावर घेऊ. तुम्ही मला ओळखत नाही. हात जोडते, एवढं करा. माझ्या भावाला फोन लावा.